अठ्ठावीस सदनिका, एकच हवा: इमारतीतील वायफायची गर्दी कशी कमी करावी

ठाण्यातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. इमारत सात मजल्यांची असून प्रत्येक मजल्यावर चार सदनिका आहेत. बहुतेकांकडे १०० किंवा २०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आहे. तरीही संध्याकाळी सात ते अकराच्या दरम्यान चित्रफीत अडकते आणि व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो. संस्थेने गेल्या वर्षी जिना व पार्किंगमध्ये सहा वायफाय कॅमेरे बसवले. सहाव्या मजल्यावरील एका सदस्याने चार मोठ्या अँटेनांचा राउटर आणल्यापासून त्रास वाढल्याची तक्रार आहे. सचिवांनी फोनवरील ॲपने घेतलेल्या नोंदीत ३१ नेटवर्क दिसतात, त्यांपैकी १४ नेटवर्क चॅनल ६ वर, म्हणजे वायफायच्या पट्ट्यातील त्या क्रमांकाच्या भागात, आहेत. त्यांना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: कोणता बूस्टर घ्यावा, आणि त्या सदस्याला राउटर काढायला लावता येईल का.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: नाही. वायफायचा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचा, पट्टा भारतात जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला. त्यात दिशेनुसार मोजलेली उत्सर्जनशक्ती जास्तीत जास्त ४ वॅट असू शकते, आणि घरगुती राउटर सहसा त्याच्या बराच आत असतो. त्या अधिसूचनेची मुख्य अट अशी की, हा पट्टा सर्वांनी वाटून वापरायचा आहे. इतरांच्या लहरींमुळे त्रास झाला तर कोणालाही संरक्षण मागता येत नाही. तेव्हा त्या सदस्याशी बोलावे जरूर, पण नियम दाखवून नव्हे. शिवाय मोठ्या अँटेनांमुळे तो राउटर दिसतो म्हणून त्याच्यावर आळ आला असावा, असे मला नोंदीवरून वाटते. खरा दोष बहुधा पार्किंगमध्ये आहे. त्याकडे पुढे येतो.

बूस्टर मात्र घेऊच नये. का, हे समजण्यासाठी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागेल. आपल्याकडे वायफायचा विचार ‘रेंज’ या एका शब्दात होतो. रेंज कमी असेल तर ती वाढवायची, एवढेच. परंतु दाट वस्तीच्या इमारतीत रेंज सहसा भरपूर असते. तुटवडा असतो तो हवेतल्या वेळेचा. एका चॅनलवर एका क्षणी एकाच उपकरणाने बोलायचे, हा वायफायचा मूळ नियम आहे. प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेते, चॅनल मोकळा वाटला की थोडे थांबते, आणि मग आपला डेटा पाठवते. दुसरे कोणी बोलत असेल तर ते गप्प राहते. हे दुसरे कोणी आपल्या घरातलेच असले पाहिजे असे नाही. वरच्या मजल्यावरचा राउटर त्याच चॅनलवर असेल, तर त्याच्याही वेळेपुरते आपले उपकरण थांबते. दोन घरांचे पासवर्ड वेगळे असले तरी हवा एकच असते.

आता बीकनचा हिशेब पाहा. प्रत्येक राउटर आपले अस्तित्व कळवण्यासाठी साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे दहा वेळा, एक छोटा संदेश पाठवतो. जुन्या उपकरणांनाही तो कळावा म्हणून बऱ्याच राउटरमध्ये तो सर्वांत मंद गतीने, १ एमबीपीएसने, जातो. संदेश २५० बाइटचा धरला तर तेवढ्यासाठी २ मिलिसेकंद आणि सुरुवातीच्या इशाऱ्यासाठी आणखी सुमारे ०.२ मिलिसेकंद लागतात. सेकंदभरात हे जवळजवळ २१ मिलिसेकंद, म्हणजे हवेतल्या वेळेचे २ टक्के होतात. एका राउटरचे २ टक्के किरकोळ वाटतात. परंतु चॅनल ६ वरील १४ नेटवर्क एकमेकांना ऐकू येत असतील, तर कोणी एक अक्षरही न वाचता चॅनलचा जवळजवळ तिसरा हिस्सा ‘मी इथे आहे’ एवढे सांगण्यातच जातो. हाच संदेश ६ एमबीपीएसने पाठवला तर तो २.२ नव्हे, सुमारे ०.३६ मिलिसेकंदात संपतो आणि १४ नेटवर्कांचा मिळून भार ५ टक्क्यांच्या आसपास येतो. एकही नवे उपकरण न घेता, एका सेटिंगमध्ये झालेला हा फरक आहे.

बूस्टर किंवा रिपीटर काय करतो? आलेला प्रत्येक संदेश त्याच चॅनलवर पुन्हा एकदा बोलून दाखवतो, वर स्वतःचा बीकनही लावतो. अपुऱ्या वेळेतून तो दुप्पट वेळ खर्च करतो. ज्याने तो बसवला त्याला फोनवर चार रेषा दिसतात आणि समाधान वाटते. चित्रफीत मात्र अडकतेच, आणि शेजाऱ्याचीही अडकू लागते.

पुण्यात सदाशिव पेठेतील एका अभ्यासिकेत मी हे अगदी जवळून पाहिले आहे. एकाच मोठ्या खोलीत ऐंशी विद्यार्थी बसत. नेट अडकते म्हणून मालकांनी एकामागून एक पाच राउटर आणून चार भिंतींवर आणि मधल्या खांबावर लावले होते, सर्व पूर्ण शक्तीवर आणि चॅनल ‘ऑटो’. मी गेलो तेव्हा पाचपैकी तीन एकाच चॅनलवर होते व एकमेकांची वाट पाहत बसले होते. त्यांतले दोन बंद केले, उरलेल्या तिघांना वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वेगवेगळे अरुंद चॅनल दिले आणि शक्ती निम्म्यावर आणली. त्या दिवशी मालकांना माझी फी पटली नाही, कारण मी काही बसवले नव्हते, उलट काढले होते. तक्रारी मात्र थांबल्या.

संस्थेच्या कामाला हात घालण्याआधी एक तपासणी करावी. संध्याकाळी नऊच्या सुमारास एका घरात लॅपटॉप घेऊन बसावे आणि राउटरच्याच पत्त्यावर, बहुधा १९२.१६८.१.१ वर, सलग दोन-तीन मिनिटे पिंग, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा, चालवावा. उत्तर दोन-पाच मिलिसेकंदांत, स्थिरपणे येत असेल आणि तरी बाहेरचे संकेतस्थळ अडकत असेल, तर दोष सेवा पुरवणाऱ्याकडे आहे. वायफायशी झगडून उपयोग नाही. राउटरचेच उत्तर कधी ३, कधी १८०, कधी गायब असे येत असेल, तर गर्दी हवेत आहे. नंतर तोच लॅपटॉप केबलने जोडून पुन्हा पाहावे. ही दहा मिनिटे वाचवून लोक हजारो रुपयांची खरेदी करतात.

दोष हवेत आहे असे ठरले की पहिले काम कॅमेऱ्यांचे करावे, कारण ते संस्थेच्या मालकीचे आहेत आणि त्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही. सचिवांच्या वर्णनानुसार संस्थेचा राउटर पहिल्या मजल्यावरील कार्यालयात असून चॅनल ६ वर आहे. पार्किंगच्या दूरच्या कोपऱ्यातील दोन कॅमेरे त्याला मध्ये स्लॅब, खांब आणि उभ्या गाड्या ठेवून जोडलेले आहेत. इतक्या अंतरावर जोडणी टिकते, पण ती अगदी तळाच्या गतीने, समजा ६.५ एमबीपीएसने, टिकते. मधला प्रतीक्षेचा वेळ वजा जाता त्यातून साडेपाच एमबीपीएसपेक्षा फार काही मिळत नाही. कॅमेरा २ एमबीपीएसचे चित्र पाठवत असेल, तर तो एकटाच चॅनलचा एक तृतीयांशाहून अधिक वेळ घेतो. असे दोन झाले की दोन तृतीयांशांहून अधिक वेळ गेला, आणि बीकनचा तिसरा हिस्सा वर सांगितलाच आहे. एवढ्यात पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर कोणी मालिका लावली, तर तिच्यासाठी उरते काय? संध्याकाळीच त्रास का होतो याचेही उत्तर इथेच असावे. दुपारी रिकाम्या पार्किंगचे स्थिर चित्र थोड्या डेटात भागते. संध्याकाळी गाड्यांची ये-जा सुरू होते, अंधार पडून इन्फ्रारेड दिवे लागतात, चित्रात दाणे दिसू लागतात आणि त्याच कॅमेऱ्याचा डेटा वाढतो.

यावर उपाय एकच, आणि तो कायमचा आहे: कॅमेरे केबलवर घ्यावेत. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत निर्धास्त चालते, आणि पीओई स्विच वापरला तर त्याच केबलमधून वीजही जाते. आत्ताच्या कॅमेऱ्यांना केबलची जोडणी नसेल तर निदान पार्किंगमधले दोन बदलावेत. जिन्यातील चार नंतर बदलले तरी चालेल. बैठकीत खर्चाला विरोध झाला तर पिंगच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी समोर ठेवाव्यात.

दुसरे काम चॅनलचे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ असे चॅनल आकड्यांत दिसतात, पण दोन शेजारच्या चॅनलमधले अंतर केवळ ५ मेगाहर्ट्झ असते आणि एक वायफाय नेटवर्क किमान २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. म्हणून एकमेकांवर न चढणारे चॅनल व्यवहारात तीनच उरतात: १, ६ आणि ११. इथे हुशार माणसे एक चूक हमखास करतात. ॲपमध्ये १, ६ आणि ११ वर गर्दी दिसते, ३ किंवा ८ रिकामे दिसतात, म्हणून ते तिथे जाऊन बसतात. ही जागा रिकामी नसते. ती दोन रांगांच्या मधली जागा असते.

एकाच चॅनलवरील दोन राउटर एकमेकांची भाषा ओळखतात. मानकाप्रमाणे समोरच्या संदेशाची सुरुवात उणे ८२ डीबीएम (लहरीची ताकद मोजण्याचे एकक; उणे आकडा जितका मोठा तितकी लहर क्षीण) इतकी क्षीण ऐकू आली तरी उपकरण थांबते. परंतु अर्धवट चढलेल्या चॅनलवरील संदेश त्याला वायफाय म्हणून कळत नाही, नुसता गोंगाट वाटतो. आणि अशा गोंगाटासाठी थांबण्याची मर्यादा उणे ६२ डीबीएम, म्हणजे शंभरपट तीव्र, आहे. परिणामी चॅनल ३ वरचा राउटर चॅनल १ आणि ६ वाल्यांसाठी थांबत नाही, तेही त्याच्यासाठी थांबत नाहीत, आणि सर्वांचेच संदेश बिघडून पुन्हा पाठवावे लागतात. रांगेत उभे राहिल्यास उशीर होतो, पण काम होते. रांग मोडून घुसणारा एक आला की सगळ्यांचाच खोळंबा होतो.

आपल्या इमारतीत हे नियोजन मजल्यांनुसार करता येईल. पहिल्या मजल्यावर १०१ ते १०४ यांना अनुक्रमे १, ६, ११, १; दुसऱ्यावर ६, ११, १, ६; तिसऱ्यावर ११, १, ६, ११; आणि चौथ्यापासून हाच क्रम पुन्हा. यामुळे भिंतीला भिंत लागून असलेल्या आणि थेट वर-खाली असलेल्या घरांचे चॅनल वेगळे राहतात. तिरक्या घरांत काही ठिकाणी तोच चॅनल येतो, त्याला इलाज नाही, कारण हाती तीनच आहेत. १०१ आणि १०४ यांच्यामध्ये लिफ्ट आणि जिना असल्याने त्यांना एकच चॅनल दिलेला चालतो. खालच्या-वरच्या घरांकडे अधिक लक्ष द्यावे. आपल्या दिवाणखान्यातल्या राउटरला स्वतःच्या मागच्या बेडरूमपेक्षा वरच्या घराचा दिवाणखाना जवळ असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

चॅनल हाताने ठरवून पक्का करावा, ‘ऑटो’वर सोडू नये. बहुतेक साधे राउटर चॅनल निवडतात ते चालू होतानाच. लाइट जाऊन आली की इनव्हर्टर नसलेल्या सगळ्या घरांतले राउटर एकाच क्षणी जागे होतात, प्रत्येकाला आसपास शांतता दिसते, आणि बरेच जण एकाच चॅनलवर जाऊन बसतात. पुढची लाइट जाईपर्यंत ते तिथेच असतात. चॅनल ६ वर १४ नेटवर्क जमण्यामागे असेच काही असण्याची शक्यता मला दाट वाटते. राउटरच्या सेटिंगच्या त्याच पानावर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ करावी. २.४ गिगाहर्ट्झवर ४० मेगाहर्ट्झ ठेवणे म्हणजे तीनपैकी दोन रांगा एकट्याने अडवणे होय.

जुन्या गतींचा विषय वर आलाच आहे. राउटरमध्ये ‘बी/जी/एन’ असा मोड असेल तर जुनी, मंद ‘बी’ पद्धत वगळून ‘जी/एन’ निवडावा. काही राउटरमध्ये किमान गती वेगळी ठरवता येते, तिथे ६ एमबीपीएस ठेवावी. घरात खूपच जुना प्रिंटर असेल तर तो सुटेल, म्हणून बदल केल्यावर सगळी उपकरणे एकदा तपासावीत. न वापरलेले पाहुण्यांचे नेटवर्क बंद करावे. प्रत्येक नावाचा बीकन वेगळा जातो. नाव लपवल्याने बीकन थांबत नाही, तेव्हा तो उपाय या कामाचा नाही.

खरी मोकळी जागा ५ गिगाहर्ट्झमध्ये आहे. याला पुष्कळजण ‘फाइव्ह जी वायफाय’ म्हणतात आणि मोबाइलच्या ५जी शी गल्लत करतात; दोहोंचा संबंध नाही. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनंतर भारतात ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे भाग परवानामुक्त आहेत. २० मेगाहर्ट्झचे वीसहून अधिक स्वतंत्र चॅनल त्यात बसतात. या लहरी भिंतीत लवकर विरतात, हा त्यांचा दोष सांगितला जातो; इमारतीच्या दृष्टीने तोच गुण आहे. शेजाऱ्याची लहर आपल्यापर्यंत येत नाही आणि आपली त्याच्याकडे जात नाही. टीव्ही, लॅपटॉप आणि फोन ५ गिगाहर्ट्झवर न्यावेत, आणि स्मार्ट प्लग, गीझरचा स्विच, दारावरची घंटा असली हळू उपकरणे तेवढी २.४ वर ठेवावीत. दोन्ही पट्ट्यांना राउटरने एकच नाव दिले असेल आणि फोन सारखा २.४ कडे जात असेल, तर नावे वेगळी करावीत.

इथेही रुंदीचा मोह आवरावा. ८० मेगाहर्ट्झवर स्पीड टेस्टचा आकडा छान दिसतो, पण एवढ्या रुंदीचे गट पूर्ण पट्ट्यात पाच-सहाच बसतात, आणि रुंदी दुप्पट केली की उपकरणाला गोंगाटही दुप्पट ऐकू येतो. अठ्ठावीस घरांत ४० मेगाहर्ट्झ पुरेसे आहेत. बहुतेक राउटर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ या चॅनलांवर गर्दी करतात. ५२ ते १४४ हे मधले चॅनल मोकळे पडलेले असतात, कारण तिथे रडारला प्राधान्य आहे. त्या चॅनलवर बसण्याआधी राउटर मिनिटभर कानोसा घेतो, आणि रडारसारखी खूण दिसली तर चॅनल सोडून अर्धा तास तिकडे फिरकत नाही. मुंबईत वेरावली येथे हवामान खात्याचे सी-बँड, म्हणजे याच ५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारे, रडार जानेवारी २०२२ पासून आहे, तेव्हा ठाण्यातील वरच्या मजल्यावरचा राउटर कधीमधी जागा बदलताना दिसला तर त्याला बिघाड समजू नये. वारंवार होत असेल तर मात्र दुसरा गट घ्यावा.

भिंतींचा एक मुद्दा. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, म्हणजे मायव्हान पद्धतीच्या इमारतींत आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात आणि ५ गिगाहर्ट्झची लहर दोन भिंतींपलीकडे जेमतेम पोचते. जुन्या विटांच्या बांधकामात तेवढी अडचण येत नाही. आपली इमारत पहिल्या प्रकारची असेल तर मागच्या खोलीसाठी दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारे आणखी एक उपकरण, लागेल, पण तो केबलने जोडलेलाच हवा. आणि राउटर दाराजवळच्या पत्र्याच्या डबीत किंवा चपलांच्या कपाटात असेल तर आधी बाहेर काढावा. फायबरवाला त्याला सोयीचे तिथे राउटर ठोकून जातो. आपण तो तिथेच राहू देतो.

राउटरची शक्ती कमी करण्याचा सल्ला लोकांना विचित्र वाटतो. फोनची शक्ती राउटरपेक्षा बरीच कमी असते. राउटरने ओरडून फोनपर्यंत आवाज पोचवला तरी फोनचे उत्तर परत पोचायला हवे. म्हणून मोठ्या शक्तीच्या राउटरचा लाभ एकतर्फी असतो, आणि उपद्रव मात्र चार मजले पोचतो. सर्वांत दूरच्या खोलीत फोनला उणे ६७ डीबीएमच्या आसपास मिळत असेल तर व्हिडिओ कॉलला ते पुरते. त्याहून बरेच अधिक मिळत असेल तर शक्ती ‘मध्यम’ करावी. सहाव्या मजल्यावरील सदस्यांना विनंती करायची ती एवढीच.

माइक्रोवेव्हबद्दल नेहमी विचारले जाते. तो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि सुरू असताना खरोखर त्रास देतो, पण दूध गरम होईपर्यंतच. राउटर स्वयंपाकघरापासून दूर ठेवावा आणि विषय सोडावा. फ्रिज किंवा इनव्हर्टरवर संशय घेऊ नये. त्यांचा पत्रा लहर अडवतो, एवढाच त्यांचा दोष. ब्लूटूथ हेडफोन गर्दीचे चॅनल स्वतःच टाळतात. वायरलेस माउस मात्र अडखळत असेल तर त्याचा डोंगल यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कशेजारी लावला आहे का ते पाहावे. त्या जोडणीचा गोंगाट याच पट्ट्यात येतो, आणि हातभर लांब एक्स्टेंशन केबलने प्रश्न सुटतो.

टीव्हीला शक्य तिथे केबल जोडावी. टीव्हीचा लॅन पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचाच असतो आणि वायफायवर त्याहून अधिक वेग दिसतो, म्हणून लोक केबल काढून टाकतात. चित्रपटाला २५ एमबीपीएससुद्धा पुरतात. केबलमुळे रोजचे तीन तास हवा मोकळी राहते, हा खरा लाभ.

काम या क्रमाने करावे: आधी पार्किंगचे दोन कॅमेरे, मग चॅनल आणि रुंदी, मग उरलेले. एकाच दिवशी सगळे बदलू नये, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. प्रत्येक बदलानंतर त्याच घरात, त्याच खुर्चीत, रात्री नऊला पिंगची नोंद घ्यावी. आपण पाठवलेल्या यादीत एक नेटवर्क चॅनल ३ वर आणि दोन चॅनल ८ वर दिसतात. सहाव्या मजल्यावर जाण्याआधी ती तीन घरे शोधून त्यांच्याकडे जावे.